कानाच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेवर अभ्यास कसा करावा: सोलापुरातील रेसिडेंटसाठी पायरीपायरीने

"कान कधीपासून वाहतो?" या प्रश्नाला सोलापूरच्या सिव्हिलमध्ये काय किंवा जिल्ह्यातल्या कुठल्याही नाक-कान-घसा ओपीडीत काय, सर्वाधिक वेळा मिळणारे उत्तर एकच असते: "लहानपणापासनं वाहतंय बगा, डॉक्टर." रेसिडेंट (पदव्युत्तर शिक्षण घेणारा डॉक्टर) ते तसेच केसपेपरवर उतरवतो आणि पुढच्या रुग्णाला हाक मारतो. दीड वर्षाने प्रबंधाच्या तक्त्यात आजाराचा कालावधी भरायला बसल्यावर मात्र त्याच्या लक्षात येते की, निम्म्या नावांपुढे आकडाच नाही. त्याच मावशींना "शाळेत घातलं तेव्हा वाहत होता का? लग्नात वाहत होता का? पहिल्या बाळंतपणात?" असे तीन साधे प्रश्न विचारले असते, तर वर्षांचा अंदाज दोन मिनिटांत हाती आला असता.

शस्त्रक्रियेवरचा अभ्यास बिघडतो तो बहुधा असाच, आणि बिघडल्याचे कळते ते फार उशिरा. ओटीतले, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधले, काम वरिष्ठांच्या नजरेखाली होते, म्हणून तिथे चुका कमी राहतात. ओपीडीतली पहिली नोंद आणि सहा महिन्यांनंतरची शेवटची नोंद या दोन्हींकडे मात्र कुणाचेच लक्ष नसते. या लेखात पायऱ्या सगळ्याच सांगितल्या आहेत, पण भर या दोन टोकांवर आहे.

उदाहरणासाठी मी टाइप १ टिंपॅनोप्लास्टी, म्हणजे कानातली तिन्ही हाडे शाबूत असताना फक्त पडद्याचे भोक बुजवण्याची शस्त्रक्रिया घेतली आहे. टिंपॅनोप्लास्टीचे पाच प्रकार वुलस्टाइन यांनी १९५० च्या दशकात मांडले आणि त्यांतला हा पहिला. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली सुरू झाले. तिथल्या किंवा आसपासच्या महाविद्यालयांतल्या रेसिडेंटला या शस्त्रक्रियेचे रुग्ण कधी कमी पडत नाहीत. शिवाय तिचा निकाल डोळ्यांनी दिसतो आणि यंत्राने मोजताही येतो. पहिला अभ्यास करणाऱ्याला याहून सोयीचा विषय नाही.

विषय आणि प्रश्न वेगळे असतात

"क्रॉनिक ओटायटिस मीडियाचा (कान दीर्घकाळ वाहण्याच्या आजाराचा) क्लिनिकल अभ्यास" हा विषय झाला. प्रश्न असा लिहावा लागतो: कोरडा कान, पडद्याच्या ताणलेल्या भागात मध्यम आकाराचे भोक आणि कोलेस्टिएटोमा (हाड कुरतडणारी त्वचेची गाठ) नाही, अशा प्रौढ रुग्णांमध्ये टेम्पोरॅलिस फॅशिया (कानाच्या वरच्या स्नायूवरचे पातळ आवरण) वापरून अंडरले पद्धतीने (ते पडद्याच्या खालून लावून) केलेल्या टाइप १ टिंपॅनोप्लास्टीनंतर सहा महिन्यांनी किती जणांचा पडदा अखंड असतो? या वाक्यात रुग्ण कोण, उपचार कोणता, मोजायचे काय आणि कधी, हे चारही ठरले. तुलना करायची असेल तर पाचवी गोष्ट येते: फॅशिया विरुद्ध कानाच्या ट्रॅगसमधली कूर्चा, किंवा मायक्रोस्कोप विरुद्ध एंडोस्कोप.

मुख्य निष्कर्ष एकच ठेवावा. पडदा टिकला की नाही हा मुख्य ठरवला, तर ऐकण्यातली सुधारणा, रुग्णाचे समाधान आणि गुंतागुंत हे दुय्यम निष्कर्ष होतील. सगळेच मुख्य मानले तर रुग्णसंख्या कशावरून काढायची, इथेच गाडी अडते.

सोलापूरपुरता एक प्रश्न मला फार दिवस खुणावतो आहे. शहराच्या पूर्व भागातली असंख्य कुटुंबे चादरी आणि टॉवेलच्या यंत्रमागांवर जगतात. मागाच्या शेडमध्ये दोन माणसे एकमेकांच्या कानाशी तोंड नेल्याशिवाय बोलू शकत नाहीत. पडद्याच्या भोकामुळे येणारा बहिरेपणा मुख्यतः खालच्या पट्टीतल्या आवाजांचा असतो. वर्षानुवर्षांच्या गोंगाटाने मात्र आतला कान बिघडतो आणि तो आधी ४००० हर्ट्झच्या आसपास बिघडतो. मागावरच्या कामगाराच्या एकाच कानात हे दोन्ही आजार नांदत असतील, तर शस्त्रक्रिया पूर्ण यशस्वी होऊनही तो म्हणतो, "पडदा बसला म्हणताय, मग बोललेलं नीट का कळंना?" मागावर काम करणारे आणि न करणारे यांच्यात शस्त्रक्रियेनंतरच्या समाधानाचा फरक किती, हा प्रश्न जगातल्या प्रत्येक शहराला पडणार नाही. आपल्याला मात्र पडायला हवा.

रुग्णसंख्या कागदावर काढावी

"सरांनी साठ सांगितले" हे रुग्णसंख्येचे कारण होऊ शकत नाही. एकाच गटाचा वर्णनात्मक अभ्यास असेल तर सूत्र सोपे आहे: १.९६ चा वर्ग, गुणिले अपेक्षित यशाचे प्रमाण, गुणिले अपयशाचे प्रमाण, भागिले चालेल तेवढ्या चुकीचा वर्ग. समजा, ८५ टक्के पडदे टिकतील असा अंदाज आहे आणि दोन्ही बाजूंना ८ टक्क्यांची चूक चालणार आहे. तर ३.८४ × ०.८५ × ०.१५ ÷ ०.००६४ म्हणजे ७७ रुग्ण लागतात. पंधरा टक्के रुग्ण परत येणार नाहीत असे धरले तर ७७ ला ०.८५ ने भागून ९१ घ्यावेत. बरेच जण ७७ मध्ये पंधरा टक्के मिळवून ८९ लिहितात, पण ८९ पैकी पंधरा टक्के गेल्यावर ७७ उरत नाहीत.

तुलनेच्या अभ्यासात हे आकडे डोळे उघडणारे असतात. फॅशियाने ८५ टक्के आणि कूर्चेने ९५ टक्के यश मिळते, हा दहा टक्क्यांचा फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा असेल, तर प्रत्येक गटात सुमारे १३८ रुग्ण लागतात. आपल्याकडे सर्रास केल्या जाणाऱ्या तीस-तीसच्या गटांतून दिसू शकतो तो फरक साधारण ६० टक्के विरुद्ध ९० टक्के एवढा ढोबळ, आणि इतका ढोबळ फरक या दोन कलमांमध्ये (भोकावर लावायच्या आवरणांमध्ये) असेल अशी अपेक्षा कुणालाच नसते. तेव्हा तीस-तीसवर "दोन्ही पद्धती सारख्याच" असा निष्कर्ष काढणे म्हणजे अंधारात शोधून वस्तू नाही म्हणण्यासारखे आहे.

मग तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात काय करावे? मोजमापाची राशी बदलावी. एअर-बोन गॅपमधला, म्हणजे हवेतून आणि हाडातून ऐकू येण्याच्या पातळ्यांमधल्या अंतरातला, फरक हा मुख्य निष्कर्ष ठेवला, दोन गटांत ५ डेसिबलचा फरक महत्त्वाचा मानला आणि प्रमाण विचलन (रुग्णारुग्णांतल्या आकड्यांचा पसारा) १० डेसिबल धरले, तर प्रत्येक गटात ६३ रुग्ण पुरतात. तेही जमणार नसेल तर तुलनेचा हट्ट सोडून एकाच गटाचा नीटस अभ्यास करावा. प्रामाणिक वर्णनात्मक अभ्यासाला परीक्षक नावे ठेवत नाहीत, आणि ठेवलीच तर सूत्र दाखवता येते.

आणखी एक सूचना: एका रुग्णाचा एकच कान घ्यावा. दोन्ही कानांची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण दोनदा मोजला की संख्या वाढते, पण ते दोन कान एकाच नाकाचे, एकाच सवयींचे आणि एकाच माणसाचे असतात. संख्याशास्त्राला ती दोन माणसे वाटतात.

परवानगी आणि संमती

क्रम चुकवू नये. आधी विभागात मांडणी, मग संस्थेची नैतिकता समिती, मग नोंदणी आणि त्यानंतरच पहिला रुग्ण. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे एकदा तरी मुळातून वाचावीत. नव्या औषधाची चाचणी असेल, तर २०१९ चे नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमही लागू होतात. रुग्णांना गटांत विभागून उपचार देणार असाल, तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियावर नोंदणी करावी. ही रजिस्ट्री २००७ पासून आहे आणि १ एप्रिल २०१८ पासून ती पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच केलेली नोंदणी स्वीकारते. "आधी रुग्ण जमवू, नोंदणी नंतर बघू" हा मार्ग तेव्हापासून बंद झाला आहे, तरी दर वर्षी कुणीतरी त्या बंद दारावर जाऊन आदळतो.

संमतिपत्र मराठीत केले की काम झाले, असे सोलापुरात तरी म्हणता येत नाही. आपल्या ओपीडीत घरी तेलुगू बोलणारे विणकर आहेत, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडचे कन्नड बोलणारे शेतकरी आहेत आणि उर्दू वाचणारी कुटुंबेही आहेत. चारही भाषांतली पत्रके तयार करावीत. एकाने केलेले भाषांतर दुसऱ्याकडून पुन्हा मूळ भाषेत करून घेतले, की चूक लगेच दिसते. "पडदा बसवणे" या शब्दाचा अर्थ काही रुग्ण "बाहेरून आणलेला कृत्रिम पडदा" असा घेतात. कानाच्या वरच्या स्नायूवरचे स्वतःचेच पातळ आवरण वापरणार आहोत, हे पत्रकात साध्या शब्दांत लिहावे.

ज्याला वाचता येत नाही त्याला पत्रक वाचून दाखवावे, अंगठा घ्यावा आणि निःपक्ष साक्षीदाराची सही घ्यावी. वॉर्डातले मामा किंवा मावशी सहीला लगेच तयार होतात. पण ते रुग्णालयाचेच माणूस असल्याने निःपक्ष ठरत नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा शिकलेला नातेवाईक चालतो. लहान मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागतेच. शिवाय ७ वर्षांवरच्या मुलाची तोंडी आणि १२ वर्षांवरच्या मुलाची लेखी तयारीही लागते. आठ वर्षांच्या मुलाला "कानामागे टाके येतील, आठवडाभर डोक्याला पट्टी असेल, चालेल ना?" असे विचारायला एक मिनिटही लागत नाही. सहा महिन्यांनंतरच्या तपासणीला तो रडत येतो की हसत, हे पुष्कळदा त्या एका मिनिटावर ठरते.

पहिली नोंद: शब्दांच्या व्याख्या

"कोरडा कान" म्हणजे किती दिवस कोरडा? चार आठवडे धरा, सहा धरा किंवा तीन महिने धरा; पण एकदा ठरवून प्रस्तावात लिहा आणि मध्येच बदलू नका. भोकाचा आकार "मोठे, मध्यम, लहान" असा लिहिणे निरुपयोगी आहे, कारण प्रत्येक रेसिडेंटचे मध्यम वेगळे असते. शून्य अंशाच्या एंडोस्कोपने पडद्याचा फोटो काढावा आणि भोकाने ताणलेल्या भागाचा किती टक्के भाग व्यापला आहे ते संगणकावर मोजावे. ते शक्य नसेल तर निदान चार चतकोरांचे चित्र काढून भोक रंगवावे आणि मॅलियस या पडद्याला चिकटलेल्या हाडाच्या दांड्याशी त्याचे नाते दाखवावे. भोक पुढच्या कडेला टेकलेले असेल तर ते स्वतंत्र लिहावे. अशा भोकात कलमाचा पुढचा काठ निसटण्याचा धोका जास्त असतो.

कानाच्या एकूण स्थितीसाठी मिडल इअर रिस्क इंडेक्स वापरणे सोयीचे पडते. स्राव, भोक, कोलेस्टिएटोमा, हाडांची अवस्था, मधल्या कानातली सूज किंवा ग्रॅन्युलेशन (मांसल वाढ) आणि आधीची शस्त्रक्रिया यांना त्यात गुण आहेत. एकूण १ ते ३ म्हणजे सौम्य, ४ ते ६ मध्यम आणि ७ किंवा त्याहून जास्त गंभीर. २००१ च्या सुधारित आवृत्तीत धूम्रपानाचे २ गुण वाढवले गेले. आपल्याकडे इथे एक अडचण येते: विडी ओढणे त्या मोजपट्टीत बसते, मिश्री लावणे बसत नाही आणि दिवसभर घरी विड्या वळणे तर अजिबातच बसत नाही. मूळ निर्देशांकात स्वतःच्या मनाने गुण घालू नयेत. मिश्री, तंबाखू आणि विडीकाम यांचे वेगळे रकाने करावेत. मागावर किती वर्षे काम केले आणि दिवसाला किती तास, हाही एक रकाना असावा. कानात काय घातले होते, तेही विचारावे. लसूण घालून गरम केलेले तेल पुष्कळ घरांत अजून वापरले जाते, पण रुग्ण ते स्वतःहून सांगत नाही, "तेल-बिल टाकलं होतं का?" असे सहज विचारले की सांगतो.

श्रवणचाचणी: इथे थांबून काम करावे

पडदा टिकला की नाही हे डोळ्यांना दिसते, ऐकण्यातला बदल मात्र पूर्णपणे ऑडिओमीटरवर अवलंबून असतो. म्हणून या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा.

खोली आधी बघावी. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बंद खोलीत पंखा लावल्याशिवाय रुग्ण बसत नाही आणि पंख्याची घरघर नेमकी ५०० हर्ट्झच्या आसपासचा उंबरठा (ऐकू येणाऱ्या सर्वांत हळू आवाजाची पातळी) खोटा वाढवते. पंखा बंद केला तर घामाघूम झालेला रुग्ण बटण दाबायचे विसरतो. यावर उपाय एकच: अभ्यासातल्या रुग्णांची चाचणी सकाळच्या पहिल्या तासात ठेवावी आणि शस्त्रक्रियेच्या आधीची व नंतरची चाचणी एकाच खोलीत, एकाच यंत्रावर, शक्य असेल तर एकाच ऑडिओलॉजिस्टकडून करून घ्यावी. कोणत्या रुग्णाला कोणते कलम लावले, हे त्या ऑडिओलॉजिस्टला कळू देऊ नये.

यंत्राचे कॅलिब्रेशन वर्षातून एकदा व्हायला हवेच. पण तेवढ्यावर विसंबू नये, हे मी ठेच लागून शिकलो. माझ्या पहिल्या अभ्यासात सहा महिन्यांनंतरच्या चाचण्यांमध्ये बऱ्याच रुग्णांचे बोन कंडक्शन (हाडातून ऐकण्याची पातळी) दहा-पंधरा डेसिबलने सुधारलेले दिसले. पडदा बुजवल्यावर बोन कंडक्शनमध्ये थोडी सुधारणा दिसू शकते, विशेषतः २००० हर्ट्झला. पण ही सरसकट होती. मी तीन दिवस आनंदात होतो. चौथ्या दिवशी माझ्या मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला: "यंत्र दुरुस्तीला कधी गेलं होतं?" कानामागे लावायचा व्हायब्रेटर कधीतरी खाली पडला होता, अर्धे रुग्ण त्याच बिघडलेल्या व्हायब्रेटरवर तपासले गेले होते, आणि नंतर तो बदलला गेला होता. रुग्णांचा आतला कान होता तसाच होता. तेव्हापासून मी रोज सकाळी पहिल्या रुग्णाआधी विभागातल्या ठरलेल्या, चांगले ऐकू येणाऱ्या एका माणसाची पाच मिनिटांची चाचणी घेतो आणि वहीत तारीख टाकतो. त्याच्या उंबरठ्यात दहा डेसिबलचा फरक पडला की त्या दिवशी काम बंद.

मास्किंगबद्दल, म्हणजे एक कान तपासताना दुसऱ्या कानात आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवण्याबद्दल, आळस करू नये. नेहमीच्या हेडफोनने दिलेला आवाज सुमारे ४० डेसिबलच्या फरकाने कवटीतून दुसऱ्या कानात पोहोचतो, आणि व्हायब्रेटरचा आवाज तर जवळजवळ शून्य फरकाने पोहोचतो. एका बाजूचा आतला कान पूर्ण निकामी असेल आणि मास्किंग केले नसेल, तर चांगला कान त्याच्या वतीने उत्तर देतो आणि कागदावर सुंदर एअर-बोन गॅप उमटते. अशा कानावर शस्त्रक्रिया करून रुग्णाला ऐकू येण्याचे आश्वासन देणे ही अभ्यासाची नव्हे, उपचाराचीच चूक आहे. ५१२ हर्ट्झच्या ट्युनिंग फोर्कने रिने आणि वेबर चाचणी करून ऑडिओग्रामशी मेळ घातला की हा सापळा बहुतेक वेळा टळतो. यंत्र आणि फोर्क यांचे पटत नसेल तर चाचणी पुन्हा करावी.

सरासरी कोणत्या चार आवृत्तींची, हेही आधी ठरवावे. नाक-कान-घसा तज्ज्ञांच्या अमेरिकन अकॅडमीच्या १९९५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ५००, १०००, २००० आणि ३००० हर्ट्झची सरासरी घेतात, आणि एअर व बोन दोन्ही उंबरठे एकाच वेळच्या चाचणीतले धरतात. ३००० ची नोंद नसेल तर २००० आणि ४००० च्या उंबरठ्यांची सरासरी त्या जागी चालते. समजा, एका रुग्णाचे शस्त्रक्रियेआधीचे एअर कंडक्शन ५०, ४५, ४०, ४५ आणि बोन कंडक्शन १०, १०, २०, २५ आहे. सरासरी ४५ आणि १६.२५, म्हणजे गॅप २८.७५ डेसिबल. सहा महिन्यांनी एअर २५, २५, ३०, ४० आणि बोन १०, १०, १५, २५ झाले. सरासरी ३० आणि १५, म्हणजे गॅप १५. नंतरच्या एअरमधून आधीचे बोन वजा केले असते तर गॅप १३.७५ आली असती आणि शस्त्रक्रिया होती त्याहून चांगली दिसली असती. एका रुग्णात हा फरक क्षुल्लक आहे. नव्वद रुग्णांत तो एकाच दिशेने साचत जातो. निकाल मांडताना सरासरीबरोबर ० ते १०, ११ ते २०, २१ ते ३० आणि ३० च्या वर अशा गटांतली रुग्णसंख्याही द्यावी.

ओटीतल्या नोंदी

इथे थोडक्यात सांगतो, कारण शस्त्रक्रिया शिकवणे हे या लेखाचे काम नाही. भूल कोणती दिली, छेद कानामागे की कानातून, कलम पडद्याच्या खाली की वर बसवले, पुढचा काठ अडकवला का, हाडांची साखळी हलते का, मधल्या कानाचे अस्तर कसे होते आणि शस्त्रक्रिया कुणी केली, एवढे त्याच दिवशी छापील तक्त्यात भरावे. "कुणी केली" हा रकाना संकोचाने रिकामा सोडला जातो. एंडोस्कोपने सगळ्या शस्त्रक्रिया सरांनी आणि मायक्रोस्कोपने सगळ्या रेसिडेंटनी केल्या असतील, तर तुलना उपकरणांची उरत नाही.

गट चिठ्ठीने ठरवायचे असतील, तर क्रमांक घातलेली अपारदर्शक पाकिटे विभागाबाहेरच्या माणसाकडून तयार करून घ्यावीत, आणि रुग्ण टेबलावर आल्यावर, निकषांत बसतो याची खात्री झाल्यानंतरच पाकीट फोडावे. ओपीडीच्या दिवसाप्रमाणे, म्हणजे सोमवारी फॅशिया आणि गुरुवारी कूर्चा, अशी वाटणी यादृच्छिक नसते. गुरुवारच्या यादीत काय करायचे ते सगळ्यांना ठाऊक असते, आणि अवघड कान हळूच सोमवारकडे सरकतात.

गुंतागुंतीबद्दल रुग्णाला नेमके विचारावे लागते. कॉर्डा टिंपनी ही चवीची नस पडद्यामागून जाते आणि शस्त्रक्रियेत ती ताणली गेली, तर जिभेच्या त्या बाजूला चव कळत नाही किंवा तोंडात धातूसारखी चव येते. "काही त्रास?" असे विचारले तर उत्तर "काही नाही" असेच येते. "चहाची चव पहिल्यासारखी लागते का?" असे विचारून बघावे. चक्कर, कानात शिट्टी वाजणे आणि चेहऱ्याची हालचाल हेही पहिल्या दिवशी नोंदवावे.

परत येणारा रुग्ण

तपासणीचे टप्पे तीन आठवडे, सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिने असे ठेवता येतात. वर्षानंतरची तपासणी जमली तर सोन्याहून पिवळे. सहा आठवड्यांच्या आतली श्रवणचाचणी मुख्य निष्कर्षासाठी धरू नये, कारण कानात भरलेले जेलफोम (विरघळणारा स्पंज) आणि सूज अजून पूर्ण ओसरलेली नसते. प्रत्येक टप्प्याला मागेपुढे किती दिवस चालतील तेही लिहावे. सहा महिन्यांना पंधरा दिवस ठीक.

तारखा देताना दिनदर्शिका समोर ठेवावी. मकर संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते, तेव्हा शहरातला रुग्ण घरात सापडत नाही. आषाढीच्या आधीचे आठवडे पंढरपूर आणि माळशिरसकडच्या लोकांसाठी निरुपयोगी. मंगळवेढ्याकडे ज्वारीची काढणी चालू असताना शेतकरी दिवस मोडून येणार नाही, आणि कारखान्यांचे गाळप सुरू झाले की ऊसतोडीची कुटुंबे गाव सोडून फडावर असतात. शाळकरी मुलाची शस्त्रक्रिया एप्रिल-मेच्या सुट्टीत केली, तर सहा महिन्यांची तपासणी बरोबर दिवाळीच्या सुट्टीत येते. ही सोय आयती मिळते आणि ती घ्यावी.

मोबाइल क्रमांक दोन घ्यावेत, त्यातला एक घरातल्या दुसऱ्या माणसाचा. संमती असेल तर गावच्या आशा सेविकेचाही क्रमांक लिहून ठेवावा. आदल्या दिवशी फोन करावा, आणि तो रेसिडेंटनेच करावा. एसटीच्या भाड्याची भरपाई देणे हे आमिष नव्हे. नैतिकता समितीकडे प्रस्तावातच ती मांडली, तर बहुधा मान्य होते. तरीही जो येत नाही, त्याला फोनवर निदान तीन प्रश्न विचारावेत: कान वाहतो का, ऐकू कसे येते, दुसरीकडे कुठे दाखवले का. फोनवरून पडदा दिसत नाही, म्हणून हे उत्तर वेगळ्या रकान्यात राहील. पण काहीच नसण्यापेक्षा ते बरे.

हिशेब आणि लेखन

आता वर ज्या शेवटच्या नोंदीचा उल्लेख केला, तिची किंमत आकड्यांत पाहू. समजा, साठ शस्त्रक्रिया झाल्या, सहा महिन्यांनी ४८ जण आले आणि त्यांतल्या ४५ जणांचा पडदा अखंड होता. ४८ पैकी ४५ म्हणजे ९४ टक्के यश. पण न आलेल्या बाराही जणांचा पडदा फाटला असे गृहीत धरले, तर ६० पैकी ४५ म्हणजे ७५ टक्के. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते. प्रबंधात दोन्ही आकडे द्यावेत, त्यांचे विश्वास-अंतर (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा असा अंदाज आहे तो पट्टा) द्यावे, आणि न आलेल्यांचे वय, गाव, भोकाचा आकार हे आलेल्यांपेक्षा वेगळे होते का, याचा छोटा तक्ता जोडावा. साठपैकी ४५ या आकड्याचे ९५ टक्के विश्वास-अंतर साधारण ६४ ते ८६ टक्के येते. एवढ्या रुंद पट्ट्यावर उभे राहून "ही पद्धत अमुक पद्धतीपेक्षा सरस" असे लिहिताना हात थोडा थांबायला हवा.

चाचण्या मोजक्याच लागतात. त्याच रुग्णाच्या आधीच्या आणि नंतरच्या गॅपसाठी पेअर्ड टी चाचणी, आकडे एका बाजूला झुकलेले असतील तर विल्कॉक्सन. पडदा टिकण्याच्या प्रमाणासाठी काय-स्क्वेअर, आणि एखाद्या चौकटीतली अपेक्षित संख्या पाचपेक्षा कमी असेल तर फिशर. वीस रकान्यांच्या वीस चाचण्या करून ज्यात पी (प्रत्यक्षात फरक नसताना असा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली आला तेवढीच गोष्ट निष्कर्षात नेणे हा जुना रोग आहे. वीसपैकी एक चाचणी निव्वळ योगायोगानेही तशी येऊ शकते.

नाक आणि घशावरचा अभ्यास याच चौकटीत बसतो, फक्त मोजपट्टी बदलते. सायनसच्या शस्त्रक्रियेसाठी एसएनओटी-२२ ही बावीस प्रश्नांची, ० ते ११० गुणांची प्रश्नावली आणि सीटी स्कॅनसाठी लुंड-मॅके गुण, जे ० ते २४ असतात. एसएनओटी-२२ मध्ये सुमारे ९ गुणांचा फरक पडला तरच तो रुग्णाला जाणवतो असे मानतात. म्हणून सरासरी ४ गुणांनी घटली आणि पी कितीही लहान आला, तरी रुग्णाच्या नाकाला त्याचे सोयरसुतक नसते. नाकाच्या मधल्या पडद्यासाठी नोज प्रश्नावली, आवाजासाठी व्हॉइस हँडिकॅप इंडेक्स. टॉन्सिलच्या अभ्यासात पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या रक्तस्रावाची नोंद चुकवू नये; तोवर रुग्ण घरी गेलेला असतो आणि गावातल्याच डॉक्टरांकडे जातो, म्हणून दहाव्या दिवशीचा फोन इथे सक्तीचा समजावा. या सर्व प्रश्नावल्या मराठीत वापरायच्या तर आधी पडताळलेले भाषांतर उपलब्ध आहे का ते शोधावे आणि मूळ हक्कदारांची परवानगी घ्यावी. रात्री वॉर्डात बसून घाईने केलेले भाषांतर चालत नाही.

प्रबंध विद्यापीठाकडे गेल्यावर दोन कामे उरतात आणि तीच सर्वांत जास्त राहून जातात. रजिस्ट्रीवरची नोंद अद्ययावत करून निकाल भरावा, मग तो मनासारखा असो वा नसो. दुसरे काम रुग्णाचे: त्याच्या शेवटच्या ऑडिओग्रामची प्रत आणि पडद्याचा फोटो त्याच्या हाती द्यावा आणि मागे पेनाने दोन ओळी लिहाव्यात, पडदा बसला आहे, पोहायचे की नाही, आणि मागावर काम असेल तर कानात इअरप्लग घालायचे.